सतरा नंबरचा निर्विकार चेहरा

मित्रांनो, मी एक जुना फोटो आहे. माझ्यात जो माणूस आहे त्याच्यासमोर एक दिवस मलाच धरण्यात आलं. त्याने मला बरोबर ओळखलं आणि त्याबद्दल त्याला शून्य गुण मिळाले.

पण हे तुम्ही ऐकलं नाहीत. असं काही घडलेलंच नाही. घडलं असतं तर कुठल्या तरी कागदावर आलं असतं, आणि कागदावर तर फक्त 'चूक' एवढंच आलेलं आहे. तेव्हा रीतीप्रमाणे जन्मापासून सुरुवात करतो.

माझा जन्म एका मोठ्या इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर, एक्स-रे विभागात झाला. त्याच्या वरच्या मजल्यावर मनाच्या आजारांवर संशोधन चाले. नैराश्य आलं, चिंतेने मन पोखरलं, की माणसाला समोरच्याचा चेहरा कसा दिसतो, हे तिथल्या मोठ्या डॉक्टरांना शोधून काढायचं होतं. त्यांना सगळे 'सर' म्हणत, घरचेसुद्धा. या कामासाठी सरांना चेहरे हवे होते. आनंदी, दुःखी, रागावलेले, घाबरलेले, किळस आलेले, चकित झालेले, आणि ज्यांच्यावर काहीच नाही असेही. बाहेरून आणलेले तयार चेहरे त्यांना पटेनात. "आपल्या माणसांना आपलेच चेहरे दाखवायचे," असं म्हणून ते इमारतीत जो दिसेल त्याला धरून तिसऱ्या मजल्यावर पाठवू लागले.

कॅमेरा एक्स-रेवाल्यांचा होता, म्हणून फोटोही त्यांनीच काढले. हाताला सवय पडलेली, त्यामुळे ते प्रत्येकाला "श्वास घ्या, रोखा, हलू नका" असं सांगत. आमच्या गठ्ठ्यातले सगळे चेहरे, आनंदी असोत की घाबरलेले, श्वास रोखून बसलेले आहेत. इतक्या वर्षांत ही गोष्ट एकाही शास्त्रज्ञाच्या लक्षात आलेली नाही.

रागासाठी मेट्रनबाईंना बोलावलं. त्यांना काही करायला सांगावं लागलं नाही, लिफ्ट बंद आहे एवढंच कळवलं. किळस हवी होती तेव्हा औषधांच्या खिडकीवरच्या माणसाला कँटीनचा कालचा चहा पाजला. आश्चर्यासाठी वॉचमनला "तुमची बढती झाली" असं सांगितलं. फोटो फार सुंदर आला. बढती झालेली नाही, हे त्याला सांगायचं मात्र राहून गेलं, आणि पुढे दोन वर्षं तो डॉक्टरांच्या रजा मंजूर करत होता. दुःखासाठी टायपिस्टबाई आल्या. त्या हौशी नाटकांत काम करत. "एका डोळ्यातून की दोन्ही?" एवढंच त्यांनी विचारलं आणि सांगितल्याबरहुकूम रडल्या. सगळ्यांनी वाहवा केली. खरं दुःख कसं असतं हे दाखवायला पुढे कायम तोच फोटो वापरला गेला. त्या दिवशी टायपिस्टबाई अगदी मजेत होत्या. घरी जाताना जिन्यात गाणं गुणगुणत होत्या.

राहिला निर्विकार चेहरा. गठ्ठ्यात असे पाच हवे होते. चार मिळाले, पाचवा मिळेना.

"इमारतीत निर्विकार असं अजून कोण आहे?" सरांनी विचारलं.

"निवांतराव!" एक्स-रेवाले, मेट्रनबाई आणि टायपिस्टबाई एका दमात म्हणाले.

निवांतराव म्हणजे तळघरातल्या रेकॉर्ड रूमचे क्लार्क. हे त्यांचं खरं नाव नव्हे. कुणीही "कसं काय?" म्हटलं की ते "निवांत" असं उत्तर देत, म्हणून इमारतीने परस्पर त्यांचं बारसं उरकलं होतं. वय चाळिशीच्या आतलं. एकटे राहत. एक मोठी बहीण होती, ती दुसऱ्या गावी. इस्पितळातल्या झाडून सगळ्या रुग्णांच्या फायली त्यांच्या ताब्यात. तुम्ही नंबर सांगून सहीसाठी खिशातलं पेन काढेपर्यंत फाईल काउंटरवर आलेली असे. कधी चूक नाही, कधी कुरकुर नाही, आणि कधी मान वर करून बघणंही नाही.

ते वर आले. एक्स-रेवाले म्हणाले, "हे बघा, काही मनात आणायचं नाही. नेहमीचाच चेहरा ठेवा."

"ठेवलाय," निवांतराव म्हणाले.

"मग श्वास रोखा."

खट्. झालो मी.

मित्रांनो, फोटोत फक्त चेहरा उतरतो अशी माणसांची समजूत आहे. त्या दिवशी चेहऱ्याला जे काही चिकटलेलं असतं तेही त्याच्याबरोबर उतरतं. आम्हाला ते वेगळं काढून ठेवता येत नाही. त्या सकाळी निवांतराव पलंगाच्या कडेवर एक मोजा हातात धरून पाऊण तास बसले होते. दुसरा मोजा पायात होता. काय झालं होतं म्हणाल, तर काहीही झालं नव्हतं. कुणी गेलं नव्हतं, कुणी टाकून बोललं नव्हतं. आठ महिने असंच चाललं होतं. जेवण घशाखाली उतरत नव्हतं, पहाटे तीनला जाग येई ती येईच, आणि हा आजार असेल असं त्यांच्या मनालाही शिवलं नव्हतं. आपण आळशी झालो, असं ते धरून चालले होते. गंमत बघा. 'नैराश्य' असा शिक्का मारलेल्या साडेतीन हजार फायली त्यांनी स्वतःच्या हातांनी कपाटात लावल्या होत्या. त्यांत त्यांची एक नव्हती, एवढंच.

आता फोटो तयार झाले, पण कुठला चेहरा कोणता, हे ठरवायला हवं होतं. त्यासाठी तीन डॉक्टरांची समिती बसली. माझी पाळी आली तेव्हा पहिले डॉक्टर "निर्विकार" म्हणाले. दुसऱ्या डॉक्टरबाईंनी मान जरा तिरकी केली. "थोडे उदास नाही का वाटत?" त्या म्हणाल्या. तिसरे डॉक्टर फोनवर होते. नेमकं त्याच वेळी ते पलीकडच्याला म्हणाले, "हो हो, पहिलंच ठेवा." सरांनी ते मत धरलं. दोन विरुद्ध एक. माझ्या पाठीवर लाल शाईने '१७' आणि त्याखाली 'नि.' असं लिहिलं गेलं. फोनवर पलीकडे कोण होतं ते मला आजवर कळलेलं नाही. बहुधा पडदे शिवणारा असावा.

मग माझी नोकरी सुरू झाली. चौथ्या मजल्याच्या टोकाला खिडकी नसलेली एक खोली होती. टेबल, मान वाकलेला दिवा, समोरासमोर दोन खुर्च्या, टिश्यूचा डबा आणि भिंतीवर सात शब्दांचा तक्ता. रुग्णाला एकेक कार्ड दोन सेकंद दाखवायचं आणि त्याने तक्त्यातला एक शब्द सांगायचा. कार्ड दाखवणाऱ्याला एक कडक नियम होता. उत्तर काहीही येवो, आपल्या तोंडावरची माशी हलता कामा नये. 'बरोबर' नाही, 'चूक' नाही, 'अच्छा' नाही, भुवईसुद्धा नाही. रुग्णाने काही विचारलंच तर एकच वाक्य म्हणायचं, "चाचणीतल्या चित्रांबद्दल माहिती देता येत नाही." म्हणजे त्या खोलीतला सर्वांत निर्विकार चेहरा कार्डाच्या मागे बसलेला असे, आणि त्याचा फोटो काढायचं कुणाला सुचलं नव्हतं.

निरोगी माणसं मला बघून 'निर्विकार' म्हणत आणि पुढच्या कार्डाकडे जात. धास्तावलेल्या माणसांना मी रागावलेला वाटे. एका बाईंनी तर माझी माफी मागितली. कशाबद्दल, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. नैराश्यात बुडालेली माणसं मात्र दोन्ही सेकंद माझ्याकडे बघत राहत आणि म्हणत, "दुःखी." की मारली फुली.

त्या फुल्यांनी मला मोठं केलं. 'उदास माणसाला साधा चेहराही दुःखी दिसतो' असा निष्कर्ष निघाला आणि सर्वांत जास्त फुल्या माझ्याच खाती असल्यामुळे मला पुरावा म्हणून मान मिळू लागला. सरांच्या भाषणांत मी भिंतीएवढा होऊन पडद्यावर झळकायचो. "हा बघा, एक अगदी सामान्य, निर्विकार चेहरा," सर म्हणत, आणि शे-दोनशे डॉक्टर माना डोलवत. मला फुगून जायला होई. फोटोला फुगणं दमट हवेतच जमतं, पण तरी.

एक सांगायला हवं. सरांचं सगळंच चुकत होतं असं नाही. चार नंबरच्या कार्डावर लिफ्टमन होता. त्यालाही उदास माणसं 'दुःखी' म्हणत, आणि तिथे ती खरंच चुकत. गठ्ठ्यात इतकी वर्षं त्याच्या जवळ राहिलोय मी. त्या माणसाच्या डोक्यात फोटोच्या वेळी काहीसुद्धा नव्हतं. लिफ्टही नव्हती.

नवव्या वर्षी एक नवी संशोधक आली. मोठ्या-लहानांनी तिला 'ताई' करून टाकलं. ती नियम डोळ्यांत तेल घालून पाळायची. एकदा रुग्णाला सलग सात शिंका आल्या तरी हिच्या चेहऱ्यावर रेघ उमटली नाही. तिच्याकडे आलेल्यांत एक सलूनवाले होते. सहा महिने त्यांनी दुकानाचं शटर वर केलं नव्हतं. त्यांची बायको त्यांना हाताला धरून आणी, खुर्चीवर बसवी आणि बाहेर बाकावर विणत बसे. पहिल्या खेपेला ते इतकं हळू बोलले की 'दुःखी' हा शब्द ताईला ओठांवरून वाचावा लागला. दर तीन महिन्यांनी ते येत. औषधं चालू होती, बोलणं चालू होतं, बायकोचं विणणं चालू होतं. हळूहळू माणूस वर आला. चौथ्या खेपेला ते एकटेच आले, खुर्चीत बसले आणि ताईच्या डोक्याकडे बघून म्हणाले, "हे केस कुणी कापले? परत जाऊ नका त्याच्याकडे."

त्या दिवशी त्यांनी सगळी उत्तरं धडाधड बरोबर दिली. चार नंबरला तर म्हणाले, "निर्विकार. रिकामाच आहे हा." मग मी आलो.

"दुःखी," ते म्हणाले.

ताईने पुढचं कार्ड उचललं.

"थांबा, थांबा. तो परत दाखवा बघू."

"चाचणीतल्या चित्रांबद्दल माहिती..."

"माहिती कोण मागतंय? मीच देतो. वीस वर्षं लोकांच्या हनुवट्या हातात धरतोय मी. ह्याचा जबडा बघा, इथे कानाखाली. असा आवळलेला जबडा आला की आम्ही वस्तरा लावायच्या आधी चार वेळा पाणी लावतो. गिऱ्हाईक म्हणतं मजेत आहे, आणि गाल दगड झालेला असतो. रडू दाबलंय हो ह्याने."

ताईने पुढचं कार्ड वर धरलं.

"कोण आहे हा?"

ताईने तक्त्याकडे बोट केलं.

"जिवंत तरी आहे ना? मग विचारा की कुणीतरी त्याला! मला विचारायला अख्खा मजला आहे, घरात बायको आहे. ह्याला कोण आहे?"

ताईने नियमाप्रमाणे फुली मारली. पण ती वाकडी आली. कारण ती आठवड्यातून दोनदा फायली आणायला तळघरात जात होती आणि हा कोण आहे, हे तिला चांगलं माहीत होतं. त्या संध्याकाळी तिने मला गठ्ठ्यात परत ठेवलं नाही. दिव्याला टेकवून ठेवलं आणि कितीतरी वेळ बघत बसली. त्या खोलीत दोन सेकंदांच्या वर माझ्याकडे कुणी बघण्याची ती पहिलीच वेळ. मला अवघडल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी ती सरांकडे गेली.

"सर, सतरा नंबरचं उत्तर चुकलंय बहुतेक."

"कुणाचं?"

"आपलं."

सरांनी चष्मा काढला. ते काही वाईट माणूस नव्हते. रुग्ण रडला तर सरांचे डोळे आधी भरून येत, म्हणूनच तर चाचणी घेण्याचं काम त्यांनी दुसऱ्यांना दिलं होतं. "ताई," ते म्हणाले, "नऊ वर्षांचं काम आहे हे."

"कामाचं नंतर बघू, सर. ते खाली बसलेत. त्यांना फक्त विचारायचं."

"काय विचारायचं?"

"बरे आहात ना, एवढंच."

"अगं, पण ते आपल्या चाचणीत आहेत. त्यांना असं काही विचारणं म्हणजे संशोधनात ढवळाढवळ. आधी नैतिकता समितीची परवानगी काढ, मग खुशाल विचार."

ताई नियमाची माणूस. तिने अर्ज केला. 'एका व्यक्तीस बरे आहात ना असे विचारणेबाबत,' सहा प्रतींत. समितीने महिन्याभराने तीन शंका काढल्या. प्रश्न विचारल्याने सदर व्यक्तीस संभवणारा धोका कोणता? प्रश्नास किती मिनिटे लागतील? आणि व्यक्तीने 'बरा आहे' असे उत्तर दिल्यास पुढे काय करणार? ताईने उत्तरं पाठवली. समितीने आणखी दोन शंका काढल्या. पैकी एक अशी होती की 'ना' हा शब्द आवश्यक आहे काय.

ह्या काळात ताई एकदा मला कोटाच्या खिशात घालून तळघरात गेली. चेहरे ताडून बघायचे होते तिला. खिशाच्या कडेवरून मला सगळं दिसत होतं. छताला लागलेली कपाटं, एक थरथरणारी ट्यूबलाइट, आणि काउंटरच्या पलीकडे मी. म्हणजे ते. मी होतो तिथेच राहिलो होतो आणि ते नऊ वर्षं पुढे गेले होते. जबडा तोच होता. त्याच्या आजूबाजूचं बरंच काही झडून गेलं होतं.

त्यांनी फाईल काउंटरवर ठेवली.

"कसे आहात?" ताईने विचारलं. अगदी सहज, जिन्यात विचारतात तसं.

"निवांत."

पण मित्रांनो, त्यांनी फाईल सोडली नव्हती. ताईने तिच्या बाजूने धरली होती आणि त्यांनी त्यांच्या बाजूने. आणि त्यांनी मान वर केली होती. रेकॉर्ड रूमच्या इतिहासात हे कधी झालं नव्हतं. मला वाटलं, आता ही पुन्हा विचारणार. शब्द तिच्या ओठांपर्यंत आले होते, मी खालून बघत होतो. पण परवानगी आलेली नव्हती.

"बरं," ताई म्हणाली.

निवांतरावांनी फाईल सोडली.

मला तोंड आहे. फोटोत अगदी स्पष्ट दिसतं. मी ते उघडलं नाही. ह्या गोष्टीचा मला जितका पश्चात्ताप होतो तितका दुसऱ्या कशाचाच होत नाही, आणि मला पश्चात्ताप होतो हे कुणाला दिसतही नाही. मी पडलो निर्विकार.

अडीच महिन्यांनी एका सोमवारी निवांतराव कामावर आले नाहीत. पहिले दोन दिवस ते कुणाला कळलंच नाही. फायली इतक्या नीट लावलेल्या होत्या की लोक आपापल्या हातांनी काढून नेत होते. चौथ्या दिवशी त्यांची बहीण गावाहून आली. तिचा फोन त्यांनी उचलला नव्हता, म्हणून ती पहिल्या गाडीने निघाली होती. दार नुसतं लोटलेलं होतं. निवांतराव आत पलंगावर बसलेले होते. चार दिवसांत ते उठून स्वयंपाकघरापर्यंतसुद्धा गेले नव्हते. बहीण त्यांना आपल्या घरी घेऊन गेली. राजीनामा आला तो तिच्याच अक्षरात.

त्यांचा डबा आणि छत्री न्यायला ती एकदा इस्पितळात आली. लिफ्टपाशी उभी राहून म्हणाली, "एवढे डॉक्टर भरलेत या इमारतीत. एकाला दिसलं नाही?"

"अहो, ते तर कायम निवांत असायचे," मेट्रनबाई म्हणाल्या. ह्या वेळी त्यांना राग आणता आला नाही. त्या तशाच रडू लागल्या, आणि ते टायपिस्टबाईंच्या फोटोसारखं मुळीच दिसत नव्हतं.

अठरा दिवसांनी समितीचं पत्र आलं. 'ना' वगळून प्रश्न विचारण्यास हरकत नाही. ताईने ते वाचलं, घडी घातली, उघडलं आणि परत घडी घातली. मग बहिणीच्या पत्त्यावर पाठवायला एक चिठ्ठी लिहायला घेतली. सात वेळा घेतली. पाठवली नाही.

तीन वर्षं गेली. सर निवृत्त झाले. ताईची मॅडम झाली, तिला स्वतंत्र खोली मिळाली आणि कार्डं दाखवायला एक नवी मुलगी आली. ती ताईपेक्षाही कडक होती. अशातच एके दिवशी समोरच्या खुर्चीवर एक वाळलेले, दाढी वाढलेले गृहस्थ येऊन बसले. आमच्या फॉर्मवर नाव नसतं, नंबर असतो. गुप्तता म्हणून. बहिणीने दोन वर्षं विश्रांती, हवापालट, चांगलंचुंगलं खाऊ घालणं, सगळं करून पाहिलं होतं. मग तिच्या गावच्या डॉक्टरांनी सांगितलं की ह्या आजारासाठी अमुक इस्पितळ, तिथला चौथा मजला. तो मजला कुठला, हे बहिणीला सांगावं लागलं नाही. दात-ओठ खात का होईना, ती त्यांना घेऊन आली.

मी त्यांना लगेच ओळखलं. ते श्वास रोखून बसले होते.

कार्डं पडू लागली. लिफ्टमनला ते 'दुःखी' म्हणाले. चुकलं. वॉचमनला 'घाबरलेला' म्हणाले. तेही चुकलं. मग नव्या मुलीने मला उचललं. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून मला दोन सेकंद पुरत आलेले आहेत. त्या दिवशी कमी पडले.

"दुःखी," निवांतराव म्हणाले.

नव्या मुलीने फुली मारली.

"हा मी आहे," ते म्हणाले.

मुलीने भुवईसुद्धा हलवली नाही. फॉर्मवर शेऱ्यासाठी एक रकाना असतो. त्यात तिने सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'चित्रातील व्यक्ती आपणच आहोत असे रुग्णास वाटते.' आणि लक्षण महत्त्वाचं असल्यामुळे खाली रेघ मारली. मग म्हणाली, "चाचणीतल्या चित्रांबद्दल माहिती देता येत नाही."

"बरोबर आहे," निवांतराव म्हणाले. "नियम आहे तर आहे. पुढचं दाखवा."

दुपारी फॉर्म मॅडमच्या टेबलावर गेले. तिने सतरावी ओळ वाचली, शेरा वाचला, आणि खुर्ची पाडून उठली.

"हे कुठे गेले?"

"खाली, औषधं घ्यायला," नवी मुलगी म्हणाली. "का हो मॅडम, माझी काही चूक..."

"तुझी नाही," मॅडम म्हणाली. तिने गठ्ठ्यातून मला ओढून काढलं आणि चार मजले जिन्याने धावत उतरली. माझा एक कोपरा तिच्या मुठीत दुमडला गेला. अजून तसाच आहे.

औषधांच्या खिडकीसमोर रांग होती. निवांतराव बहिणीच्या मागे उभे होते.

"ओळखलंत?" मॅडमने धापा टाकत विचारलं.

"फायली न्यायच्या ना तुम्ही? ताई."

"तुमचं उत्तर बरोबर होतं."

"हो का? मार्क किती मिळाले?"

"शून्य."

निवांतराव हसले. अगदी थोडंसं, पण हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. माझ्यात त्याची सोय नाही.

"तेव्हा मी पुन्हा एकदा विचारायला हवं होतं," मॅडम म्हणाली. "मी परवानगीची वाट बघत राहिले."

"मी पण," ते म्हणाले. "मला वाटायचं, कुणी दोनदा विचारलं तर सांगून टाकावं. एकदा काय, सगळेच विचारतात. दोनदा कुणी विचारत नाही."

"आता विचारताय की नाही?" बहीण मागे वळून म्हणाली. "माझा नंबर आला की तुमच्या गप्पा ऐकायला मी थांबणार नाही हां."

"कसे आहात?" मॅडमने विचारलं.

"निवांत." तोंडाला वळणच तसं पडलेलं. मॅडम गेली नाही. रांग एका माणसाने पुढे सरकली, ती पण त्यांच्याबरोबर सरकली.

"कसे आहात?"

"बरा नाही," निवांतराव म्हणाले. "बरेच दिवस झाले. तेरा वर्षं तरी झाली असतील." मग जबडा सुटला, आणि पुढचं बोलणं त्यांना जमलं नाही. औषधं बहिणीनेच घेतली.

आता ते उपचार घेत आहेत. सावकाश सुधारणा आहे, असं कानावर येतं. सकाळी दोन्ही मोजे घालून फिरायला जातात म्हणे. पण चाळिशीच्या आत असलेला तो माणूस पन्नाशीला टेकला. मधली वर्षं कुठल्या औषधाने परत येतात, यावर अजून कुणी संशोधन केलेलं नाही.

मॅडमने माझं उत्तर बदलायचा खूप प्रयत्न केला. वरून कळवण्यात आलं की आता चाचणी कॉम्प्युटरवर गेली आहे, कार्डांचा अभ्यास बंद झाला आहे, आणि बंद अभ्यासात दुरुस्ती करायची तर आधी तो चालू असावा लागतो. आम्ही सगळे एका खोक्यात गेलो. खोक्यावर 'नष्ट करावयाचे' असं लिहिलेलं आहे, पण नष्ट करायला तीन सह्या लागतात आणि त्यांतली एक सरांची आहे, म्हणून तूर्त बचावलो आहोत. खोक्यात अंधार असतो. लिफ्टमन शेजारीच असतो. त्याच्याशी काय बोलणार?

म्हणून मित्रांनो, हा अर्ज तुमच्यासमोर वाचून दाखवतो. तुमच्यापैकी कुणी पुढेमागे समितीवर गेलंच तर बघा.

प्रति, मा. अध्यक्ष, नैतिकता समिती. विषय: कार्ड क्रमांक १७ च्या पाठीवरील उत्तरात दुरुस्ती करणेबाबत. महोदय, सदर कार्डावरील 'नि.' हे अक्षर खोडून तेथे 'दु.' असे लिहिण्यात यावे. सदर कार्डास 'दुःखी' असे उत्तर देणाऱ्या एकूण चारशे बारा व्यक्तींना त्यांच्या राहत्या पत्त्यावर प्रत्येकी एक गुण पोचता करण्यात यावा, व तो सलूनवाल्यांना सर्वांत आधी मिळावा. तसेच रेकॉर्ड रूमच्या क्लार्कना 'कसे आहात' हा प्रश्न सलग दोन वेळा विचारण्यास मंजुरी देण्यात यावी, आणि ती सदर फोटो काढल्याच्या दिवसापासून पूर्वलक्षी प्रभावाने लागू करण्यात यावी, ही नम्र विनंती.